तिजोरीत लावलेलं दही

चित्राबाईंनी करंगळी बुडवून दूध कोमट झाल्याची खात्री केली, त्यात चमचाभर विरजण घातलं, वाटीवर बशी झाकली, वाटी तिजोरीत ठेवली आणि तिजोरी बंद केली. मग हात टॉवेलला पुसून त्या खिडकीशी नदी बघत उभ्या राहिल्या.

नदी म्हणजे काँगो. शहर ब्राझाव्हिल. सहाव्या मजल्यावरून पाहिलं की वाटायचं, कॅनडातल्या आपल्या मिसिसागाच्या सरोवरालाच वाहायची बुद्धी झाली आहे. पाण्यावरून जलपर्णीचे हिरवे पुंजके सारखे पुढे चाललेले आणि पलीकडच्या काठावर दुसऱ्याच एका देशाची राजधानी. हॉटेल नदीला लागून, मोठं झोकदार. तिथे उतरणारे लोक इतके कामाचे की लिफ्टमध्येही मीटिंग घ्यायचे. अशा हॉटेलातली तिजोरी दागिने आणि कागदपत्रं ठेवायला असते, हे चित्राबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचा इलाज नव्हता. सगळा दोष एसीचा होता.

एसी अख्ख्या इमारतीचा मिळून एकच. खोलीत तो बंद करायचं बटण होतं, पण ते नुसतं माणसाच्या समाधानासाठी. पहिल्या रात्री चित्राबाईंनी दही कपाटात लावलं, तर सकाळी दूध दूधच राहिलेलं, फक्त नाराज झालेलं. दुसऱ्या दिवशी वाटी खिडकीच्या उन्हात ठेवली. सफाईवाल्या मुलीने ते नासलं दूध समजून ओतून दिलं आणि वाटी घासूनपुसून त्यात एक चॉकलेट ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी चित्राबाईंचा हात सहज तिजोरीला लागला. तिच्या पाठीमागे छोट्या फ्रिजची मोटर होती. आत अगदी बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब. त्या दिवसापासून दही असं लागायला लागलं की वाटी उपडी केली तरी हलू नये.

"तिजोरीत पासपोर्ट आहेत," त्यांचे यजमान देवदत्त आठल्ये त्या दिवशी कुरकुरले होते.

"मग काय झालं? पासपोर्टांच्या पाऊचवर वाटी ठेवते मी. खालून गारवा लागत नाही."

"अगं, दारावर लिहिलंय. खाद्यपदार्थ ठेवू नयेत."

"बरं. मग जेवताना तुम्हाला दही नको ना?"

देवदत्तांनी नियम पुन्हा एकदा वाचला आणि दहीभात खाल्ला.

विरजण मिसिसागाहून आलेलं होतं, स्वच्छ फडक्यावर वाळवून. मूळचं ते वर्ध्याचं, सासूबाईंच्या हातचं. आणि आजचं दही तर अगदी लागणारच होतं, कारण संध्याकाळी परत निघायचं होतं. आठल्यांच्या घरातून हातावर दही घेतल्याशिवाय कोणी प्रवासाला निघत नसे. एकदाच, अठ्ठ्याण्णव साली, घाईत ते राहून गेलं. तेव्हा मंडळी निघाली होती हॅमिल्टनला मुंजीला आणि एक्झिट चुकत चुकत पोचली थेट अमेरिकेच्या पुलावर.

दुपारी दोनला देवदत्त शेवटची मीटिंग संपवून खोलीत आले. त्यांचं वय एकाहत्तर. शहराला पाणी पुरवणारे पंप हा त्यांचा जन्मभराचा विषय. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत त्यांना पंपाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. घरातला बेसमेंटमधला पंपसुद्धा जावई परस्पर बदलून गेला. मग गेल्या महिन्यात एका कंपनीचा फोन आला, इथल्या जुन्या पंपिंग स्टेशनची पाहणी करायला याल का म्हणून, आणि देवदत्तांनी पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच बॅग माळ्यावरून काढली.

आता प्रश्न पुढच्या कामाचा होता. दोन वर्षांचं काम, वर्षातून दोन फेऱ्या. कोणाला पाठवायचं ते श्रेयस ठरवणार होता. श्रेयस म्हणजे प्रोजेक्टचा प्रमुख, वय छत्तीस, पुण्याचा, हुशार, आणि याच मजल्यावर तीन खोल्या सोडून उतरलेला. त्याच्यासमोर दोन नावं होती. एक देवदत्तांचं आणि दुसरं कॅल्गरीच्या पुष्करचं. पुष्कर चौतिसाचा होता आणि मॅरेथॉन पळायचा. काल नाश्त्याच्या वेळी श्रेयस फोनवर कोणाला तरी सांगत असताना देवदत्तांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "काकांचं काम एकदम टॉप आहे रे. पण या वयात एखादी छोटी गोष्ट चुकली, की मग कोण सांभाळणार? ट्रिप नीट पार पडली तर बघू."

तेव्हापासून देवदत्त जिना उतरतानासुद्धा कठडा धरत नव्हते. छोटी गोष्ट चुकता कामा नये.

"पासपोर्ट काढून घेतो," ते म्हणाले आणि तिजोरीपुढे वाकले.

"वाटीला धक्का लावू नका हं. तासाभरात लागेल."

देवदत्तांनी आपला नेहमीचा आकडा दाबला. तिजोरीने लाल दिवा दाखवला.

"अहो, तुमचा नंबर नाही चालायचा. आज मी बंद केलीय ना. लग्नाची तारीख टाकलीय मी."

देवदत्तांनी एक, सहा, शून्य, चार दाबलं. पुन्हा लाल दिवा.

"काय टाकलंत?"

"सोळा एप्रिल."

चित्राबाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सोळा एप्रिलला तुमचं कोणाशी लग्न झालं?"

"अगं, रजिस्ट्रेशन! व्हिसाच्या सगळ्या फॉर्मवर तीच तारीख आहे."

"आणि अकरा फेब्रुवारीला मी हार घालून उभी होते, ते काय होतं?"

"तो समारंभ झाला."

"समारंभ! दोनशे पानं उठली, माझ्या वडिलांनी..."

"चित्रा, वडील नंतर. आधी पासपोर्ट." देवदत्तांनी एक, एक, शून्य, दोन दाबलं. लाल दिवा. दारावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, चौथ्यांदा आकडा चुकला तर कुलूप बारा तास उघडणार नाही. देवदत्तांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि ते पलंगावर बसले.

"तू अकरा आधी टाकलेस की महिना आधी?"

चित्राबाई आठवू लागल्या. त्या वीस वर्षं मिसिसागाच्या लायब्ररीत होत्या. तिथे महिना आधी. बँकेत तारीख आधी. दवाखान्यात वर्ष आधी. "मी सवयीने टाकले हो," त्या म्हणाल्या, "सवय कुठली होती ते आता कसं सांगू?"

"गौरांगीला विचारू या."

गौरांगी त्यांची मुलगी. मिसिसागात सकाळचे आठ वाजले होते आणि ती बर्फ उपसत होती. फोनमधून फावड्याची खरड आणि तिचा श्वास दोन्ही ऐकू येत होतं.

"बाबा, क्विक बोला. मायनस अठरा आहे, मी ड्राइव्हवे शोव्हल करतेय."

"गौरांगी, तुझी आई तारीख कशी लिहिते?"

"व्हॉट?"

"महिना आधी का दिवस आधी?"

"महिना. ऑलवेज. माझ्या केयाच्या बर्थडे केकवरसुद्धा तिने महिना आधी लिहून घेतला होता. का? काय झालं?"

"काही नाही गं. सहज."

"काँगोहून सहज? बाबा, आईला फोन द्या."

देवदत्तांनी फोन ठेवून दिला. मग कपाळावरचा घाम पुसून एकेक बटण देव्हाऱ्यातली घंटा वाजवावी तसं हळूच दाबलं. शून्य, दोन, एक, एक. तिजोरीने एक लांब शिट्टी मारली आणि तिचा दिवाच गेला.

आत तीन पासपोर्ट होते. तीन, कारण टोरोंटोच्या विमानतळावरच देवदत्तांनी श्रेयसपुढे हात पसरला होता. "दे तुझाही इकडे. प्रवासात पासपोर्ट एका ठिकाणी असलेले बरे." घरच्या सहलींना ते शेजाऱ्यांचेसुद्धा पासपोर्ट असेच गोळा करत. श्रेयसने हसत हसत दिला होता. आता पाच वाजता विमानतळाकडे निघायचं आणि त्याआधी श्रेयस तो मागणार.

"खाली जाऊन सांगा की. उघडून देतील," चित्राबाई म्हणाल्या.

"श्रेयसला कळलं तर?"

"कळलं तर कळलं. मी न्हायला जाते. प्रवासात दोन दिवस पाणी मिळायचं नाही डोक्याला." आणि त्या खरंच बाथरूममध्ये गेल्या. चित्राबाईंचा स्वभाव तसा होता. काळजीचं खातं त्यांनी लग्नानंतर नवऱ्याकडे सोपवलं होतं, मग ते लग्न कुठल्या का तारखेला झालेलं असेना.

देवदत्त खाली गेले. लॉबीत कसल्याशा परिषदेला आलेले तीनचार देशांचे मंत्री आणि त्यांचे साहाय्यक फिरत होते. त्यामुळे दारात जादा पहारा होता. काउंटरमागे ड्यूटी मॅनेजर मादाम क्लारिस उभ्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात मोत्यांची माळ, आणि चेहऱ्यावर असं हसू की माणसाला आपलं काम आधीच झालं असं वाटावं.

"काही हरकत नाही, महाशय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तंत्रज्ञ येईल, सुरक्षा अधिकारी येतील, माझ्यासमोर उघडतील. तुम्ही फक्त आत काय आहे ते या फॉर्मवर लिहून सही करा. उघडल्यावर यादीशी जुळायला हवं. एकही वस्तू राहता कामा नये."

देवदत्तांनी खिशातून पेन काढलं. 'पासपोर्ट, तीन' असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर पेन थांबलं.

दही लिहावं, तर खाद्यपदार्थ. नियम मोडला. हॉटेल कंपनीला कळवणार, कंपनी श्रेयसला विचारणार. न लिहावं, तर उघडल्यावर वाटी दिसणार आणि यादी खोटी ठरणार. देवदत्तांनी आयुष्यात खोटा फॉर्म भरला नव्हता. टोरोंटोच्या विमानतळावर ते लवंगासुद्धा जाहीर करत. अधिकारी म्हणे, "सर, लवंगा चालतात." हे म्हणत, "तरीही लिहा."

विचार करता करता त्यांना एकदम सुचलं. खोटं बोलायचं नाही आणि खाद्यपदार्थ हा शब्दही यायला नको. दही म्हणजे शेवटी काय? त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'जिवंत जिवाणूंचं कल्चर. एक भांडं. कुठून आणलं: कॅनडा. कशासाठी: प्रस्थान. हाताळणी: सरळ धरावं, हलवू नये.'

खाली सही केली. सही करताना त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

मादाम क्लारिसनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून मादाम निघून गेल्या.

"जिवाणू... जिवंत आहेत?"

"हो. जिवंत ठेवावेच लागतात. रोज बघावं लागतं. माझी पत्नी चव्वेचाळीस वर्षं सांभाळते आहे."

"मादाम शास्त्रज्ञ आहेत?"

"छे, लायब्ररीत होती."

"आणि किती आहेत?"

"जिवाणू? असतील काही अब्ज."

मादाम क्लारिसनी काउंटरखाली कुठलंतरी बटण दाबलं. एक उंचापुरा सुरक्षाप्रमुख आला, त्याने फॉर्म वाचला आणि देवदत्तांपासून एक पाऊल मागे सरकला. तेव्हा कुठे देवदत्तांच्या लक्षात आलं, की काहीतरी भलतंच झालं आहे. खाद्यपदार्थ तर खाद्यपदार्थ, सरळ सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरची लिफ्ट उघडून श्रेयस बाहेर आला.

"काका! इथे आहात होय. एव्हरीथिंग ओके?"

देवदत्तांनी तोंड मिटलं. "हो. सगळं छान."

"पासपोर्ट घेऊन येता का? म्हणजे आपण आरामात निघू."

"आणतो की. पाच मिनिटांत."

सुरक्षाप्रमुख तोपर्यंत वायरलेसवर फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला, आणि पाच मिनिटांच्या आत सहावा मजला रिकामा करायचं काम सुरू झालं. एक मंत्री मोजे घातलेल्या पायांनी खाली आले. एकाच्या तोंडावर दाढीचा साबण होता. सगळ्यांना नदीकाठच्या हिरवळीवर, पोहण्याच्या तलावापाशी नेऊन उभं केलं. वेटर लिंबूसरबत फिरवू लागले, कारण हॉटेल तसं चांगलंच होतं.

देवदत्त सुरक्षाप्रमुखाच्या मागे धावले. श्रेयस ऐकणार नाही इतक्या अंतरावर त्याला गाठून ते हळूच म्हणाले, "साहेब, ते दही आहे. योगर्ट."

प्रमुखाने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "महाशय, तुम्ही लिहून दिलंय जिवंत जिवाणू. सही आहे तुमची."

"दोन्ही एकच!"

"मग तुम्ही योगर्ट का नाही लिहिलंत?"

या प्रश्नाला देवदत्तांकडे उत्तर होतं, पण ते फार लांब होतं.

"आता कागद पुढे गेलाय," प्रमुख म्हणाला. "तपासणी पूर्ण होईल. खोलीत कोणी आहे?"

"माझी पत्नी. न्हातेय."

प्रमुखाने डोळे मिटले. "कुठल्या बाजूला आहे खोली? दाखवा मला."

देवदत्तांनी हात वर करून सहाव्या मजल्यावरची खिडकी दाखवली. मग जिना कुठे, फ्रिज कुठे, तिजोरी कुठल्या कपाटात, हे हवेत बोटाने रेषा ओढून समजावलं. इंजिनिअरच ते, समजावताना त्यांचा आवाज आपोआप खंबीर झाला. हिरवळीवरून श्रेयस हे सगळं बघत होता.

वर सहाव्या मजल्यावर काय झालं, ते चित्राबाईंनी नंतर पुष्कळांना सांगितलं. केस टॉवेलात गुंडाळून, गाऊन घालून त्या बाहेर आल्या, तर कपाटापुढे मास्क आणि जाड हातमोजे घातलेली दोन माणसं एक यंत्र तिजोरीला लावून उकिडवी बसलेली. दारात मादाम क्लारिस, नाकाला रुमाल लावून.

चित्राबाई लग्नानंतर पहिली दोन वर्षं माँट्रियलला राहिल्या होत्या. तिथे शेजारणीशी भांडून भांडून जेवढी फ्रेंच आली, तेवढी त्यांना अजून येत होती.

"हलवू नका!" त्या फ्रेंचमध्ये ओरडल्या. "हलवलं तर फुटेल!"

दोन्ही माणसं होती तिथेच थिजली.

"अजून अर्धा तास लागेल," चित्राबाईंनी समजुतीने सांगितलं.

"अर्ध्या तासाने काय होईल?" एकाने मास्कमधून विचारलं.

"घट्ट होईल. मग खुशाल काढा."

मादाम क्लारिसनी रुमाल नाकावरून खाली घेतला. "मादाम, आत नक्की काय आहे?"

"योगूर," चित्राबाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार? तुमच्याच कॉफीच्या दुधाचं लावलंय."

मादाम क्लारिस भिंतीला टेकल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि हे हसू काउंटरवरचं नव्हतं. त्यांची आजीसुद्धा, त्या नंतर म्हणाल्या, मक्याची पेज आंबवायला ठेवली की घरात कोणाला जोरात चालू द्यायची नाही.

तंत्रज्ञाने दार उघडलं. आकडा, तो म्हणाला, चारही वेळा चालणारच नव्हता. आतल्या बॅटरीच्या तारांना गंज चढला होता. रोज कोमट वाफ लागून लागून. अकरा फेब्रुवारी की सोळा एप्रिल, याच्याशी तिजोरीला काही कर्तव्य नव्हतं. वाटी मात्र अगदी शांत होती. मादाम क्लारिसनी कपाटातून ती स्वतःच्या हातांनी काढली आणि सरळ धरली.

"तुमच्या पतींना नियम मोडल्याचं कळवायचं नव्हतं, असं दिसतं," त्या म्हणाल्या. "मग आम्हीही कोणाला कळवणार नाही. पाहुण्याचं नाव आमचं हॉटेल कधीच सांगत नाही. पण मादाम, पुढच्या वेळी दूध थेट आमच्या स्वयंपाकघरात पाठवा."

साडेचारला मजला खुला झाला. 'यंत्रणेची नेहमीची तपासणी होती' अशी सूचना हॉटेलने लावली. तिच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही, श्रेयसचा तर नाहीच. एका वेटरने त्याला आतली बातमी दिली होती.

"काका, माहितीये काय झालं?" तो देवदत्तांच्या खोलीत बॅग घेऊनच आला. "आपल्या मजल्यावर कोणीतरी माणसाने रूममध्ये बायोहॅझार्ड ठेवलं होतं! चक्क बॅक्टेरिया! काय लोक असतात ना!"

"असतात," देवदत्त म्हणाले. त्यांच्या हातात पाऊच होता आणि पाऊचला आंबट वास येत होता.

"दही घ्या रे हातावर," चित्राबाई वाटी घेऊन आल्या. "निघताना घ्यावं."

"वा, काकू! इथे दही कुठून मिळवलंत?"

"हॉटेलातलंच आहे," चित्राबाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

श्रेयसने तळवा चाटला. "कसलं भारी आहे! दह्याची कवडी पडलीय अक्षरशः. यांच्या बुफेत असलं कधी दिसलं नाही." आणि त्याने हात पुन्हा पुढे केला.

देवदत्तांनी आपल्या हातावरचं दही गिळलं. खोटा फॉर्म न भरणाऱ्या माणसाला गप्प बसणंही खोट्यासारखंच लागतं. विमानतळाच्या रस्त्याला गाडी लागल्यावर त्यांना राहवेना.

"श्रेयस, मला तुला एक सांगायचंय. ते सहाव्या मजल्यावरचं जे झालं..."

"काका, काही सांगू नका. मी सगळं बघितलं."

देवदत्त सीटवर सावरून बसले. "बघितलंस?"

"मग! सगळे पॅनिक झालेले, मंत्री सॉक्सवर पळतायत, आणि तुम्ही सरळ त्या सिक्युरिटीवाल्याला गाठून अख्ख्या बिल्डिंगचा लेआउट समजावत होतात. लाइक अ बॉस! मी तर सरबत हातात घेऊन नुसता उभा होतो."

"अरे, मी समजावत होतो कारण ते माझंच..."

"तुमचं कामच आहे ते, आय नो. सवय लागते. तरी काका, सत्तरीत एवढं शांत राहायला डोकं लागतं." श्रेयस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खरं सांगू? आय वॉज वरीड अबाउट यू. आता नाही."

देवदत्तांनी चित्राबाईंकडे पाहिलं. चित्राबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपलेल्या नव्हत्या, कारण दाबलेल्या हसण्याने त्यांचं पोट हलत होतं.

विमानात देवदत्तांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. एकदा श्रेयसच्या कानात इयरफोन होते. एकदा त्याने ऐकून घेतलं, पण "माझ्याच तिजोरीत होतं रे ते" एवढं ऐकल्यावर तो इतक्या मोठ्याने हसला की पुढच्या रांगेतलं बाळ उठलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

घरी आल्यावर देवदत्तांना दोन रात्री झोप लागली नाही. श्रेयसचा अहवाल सोमवारी जाणार होता. नाव पुष्करचं गेलं तर दुःख होतं, आणि आपलं गेलं तर ते चोरून घेतल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बेसमेंटमध्ये जाऊन संगणकापुढे बसले आणि त्यांनी श्रेयसला सविस्तर मेल लिहिली. मुद्दे पाडून. एक, तिजोरीत दही मी ठेवू दिलं. दोन, तुझा पासपोर्ट त्याच दह्याखाली होता. तीन, फॉर्मवरचा मजकूर माझा आहे, शुद्धीवर असताना लिहिलेला आहे. चार, मंत्री मोज्यांवर धावले ते माझ्यामुळे. एखादी छोटी गोष्ट चुकली की कोण सांभाळणार, असं तू म्हणाला होतास, ते योग्यच आहे. आपला, देवदत्त आठल्ये.

मेल पाठवून ते वर आले आणि चहा न पिता बसून राहिले. बाहेर बर्फ पडत होता. चित्राबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या.

दहा मिनिटांनी फोन वाजला. उत्तर आलं होतं. देवदत्तांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय म्हणतो?" चित्राबाईंनी विचारलं. "गेलं का काम?"

"नाही. मे महिन्याची ट्रिप माझी पक्की आहे. पुष्करला माझ्या हाताखाली पाठवतोय, शिकायला. आणि प्रवासात सुरक्षितता कशी बाळगावी, यावर कंपनीतल्या सगळ्यांसाठी मी एक टिपण लिहायचं आहे."

"अगंबाई! आणि तुम्ही जे सगळं लिहिलंत, त्याचं काय?"

"ते त्याने ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं." देवदत्तांचा आवाज पडला होता. "म्हणतो, काका, तुम्ही इतके विनोदी आहात हे माहीतच नव्हतं."

चित्राबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"मलाही नव्हतं," त्या म्हणाल्या.